आत्याला सांगायची किंमत

फणसवाडी, गिरगाव
३ नोव्हेंबर २०२५

चि. उन्मेष यास,

अनेक आशीर्वाद. ते सवयीने लिहिले. आज मनातून येत नाहीत, पण दुसऱ्या कशाने पत्र सुरू करायला माझा हात शिकलेला नाही.

काल दुपारी तू माझं वाणसामान ठेवून गेलास आणि तासाभरात फोन वाजला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता. आधी मला मौसी म्हणाला. मग म्हणाला की तुमचा भाचा पैसे बुडवून बसलाय, त्याला समजवा. मी राँग नंबर म्हणून ठेवला, तर त्याने पुन्हा केला आणि तुझं नाव, तुझ्या शिवडीच्या ऑफिसचा पत्ता, तुझ्या लेकीच्या, नूपुरच्या, कॉलेजचं नाव घडाघडा म्हणून दाखवलं. त्यानंतर तो जे बोलला ते मी कागदावर उतरवणार नाही. एकतीस वर्षं मी शाळेच्या ऑफिसात काढली, शेवटची बारा हेडक्लार्क म्हणून. शिपायापासून संस्थेच्या अध्यक्षापर्यंत माझ्याशी त्या आवाजात कुणी बोललेलं नाही. संध्याकाळपर्यंत सात फोन आले. आठव्याला मी फोन बंद केला आणि कपाटात टाकला. तो आता तिथेच राहील.

तू समोर आलास तर माझ्या तोंडून नाही नाही ते निघेल, म्हणून लिहिते आहे. मला तीन प्रश्नांची उत्तरं हवीत. कर्ज किती, कुणाचं, आणि कशासाठी. पाल्हाळ नको.

तुझा बाप पोस्टात क्लार्क होता. महिनाअखेरीला वसंतदादाने पोळीबरोबर तेलतिखट खाल्लेलं मी पाहिलंय, पण त्याच्या दारात कधी वसुलीवाला आला नाही. आईच्या मागे तुला मी या खोलीत सात वर्षं सांभाळलं. कुठे काय कमी पडलं ते तूच सांग. उत्तर येईपर्यंत रविवारी येऊ नकोस. सामान माझी शाळेतली मैत्रीण क्लारा आणील.

कळावे. लोभ आहे, सध्या कुलपात आहे.
कालिंदीआत्या


परळ
६ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप आत्यास,

सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पोस्टमन वॉचमनकडे देऊन गेला. पाकिटावरचं तुझं टपोरं अक्षर बघून वॉचमनला ती कोर्टाची नोटीस वाटली, आणि वाचल्यावर मलाही तसंच वाटलं.

तुला तो फोन आला याची मला लाज वाटते. मोबाइलवरच्या एका ॲपवरून कर्ज घेताना मी घाईत सगळ्याला होकार देत गेलो आणि माझ्या फोनमधली सगळी नावं त्यांच्या हातात गेली. माझे साहेब, नूपुरची मैत्रीण, पाच वर्षांपूर्वी एकदा येऊन गेलेला प्लंबर, सगळ्यांना फोन गेलेत. तू त्या यादीत होतीस याचा विचारच मी केला नव्हता.

तुझे प्रश्न. किती, तर चार लाख दहा हजार. कुणाचं, तर दोन क्रेडिट कार्डं आणि हे ॲप. ॲपचे साठ हजार मी कार्डाचे हप्ते भरायला घेतले, म्हणजे एक भोक बुजवायला दुसरं पाडलं. कशासाठी, तर घरखर्च. आमची लालबागची चाळ पाडताना बिल्डरने दरमहा भाडं द्यायचं कबूल केलं होतं, ते आठ महिने आलेलं नाही. इथलं भाडं मात्र पहिल्या तारखेला जातं. याहून जास्त विचारू नकोस. मी निस्तरीन.

राग हवा तितका ठेव. फक्त एवढं ऐक की सोमवारी २४ तारखेला तुझं डोळ्याचं इंजेक्शन आहे. सकाळी नऊला टॅक्सी घेऊन येतो. टॅक्सीत बोलू नकोस माझ्याशी, पण चल. डॉक्टरांनी बजावलंय की खंड पडला तर पडद्यामागे पुन्हा पाणी साठेल आणि मधली नजर जाईल.

कळावे, कुलपाची किल्ली हरवू नकोस.
तुझा उन्मेष


फणसवाडी
९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. ऋता हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

उन्मेषने मला घरखर्च हा एक शब्द लिहून पाठवला आहे. शाळेत असं व्हाउचर कुणी आणलं असतं तर मी परत पाठवलं असतं. म्हणून तुला लिहिते, कारण संसार शेवटी बाईच्या हातात असतो.

मी म्हातारी आहे, पण बेरीज अजून चुकत नाही. गुडघ्यांपायी मी तीन वर्षं बाजारात गेले नाही, तरी भाव मला ठाऊक आहेत, कारण दर रविवारी मी उन्मेषला ते विचारते. नारळ बावीस रुपये. तूरडाळ ब्याऐंशी. माझं महिन्याचं सगळं सामान तो अठराशेत आणतो. औषधं अकराशे. डोळ्याचं इंजेक्शनसुद्धा ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेत साडेतीन हजारांत होतं, आणि ते मी त्याच्या हातावर रोख ठेवते. टीव्हीवर महागाई महागाई म्हणून ओरडतात, तर उन्मेषच मला सांगतो की बातमीवाल्यांना दिवसभर काहीतरी दाखवायला लागतं.

मग तुम्हा दोघांच्या लाखभर पगारात भागत का नाही? मला दिसतं ते असं. दिवाळीला आले तेव्हा हॉलमध्ये नवा सोफा होता. नूपुरच्या हातात तिच्या तळव्यात न मावणारा फोन होता. जेवायच्या वेळी दारात पिशवी घेऊन माणूस आला आणि तुम्ही ती उघडून खाल्लीत. जिभेचे चोचले असे पुरवले तर कुबेरही कर्जात जाईल. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे तुझ्या माहेरी शिकवत नसतील तर माझ्याकडे ये, मी शिकवते. सोबत एका महिन्याचा खर्च आखून दिला आहे. तो स्वयंपाकघरात लाव.

कळावे. लेकीसारखी मानते म्हणून बोलते.
कालिंदीआत्या


परळ
१२ नोव्हेंबर २०२५

ती. आत्याबाईंस,

सा. न. वि. वि.

हे पत्र उन्मेषला माहीत नाही. कळलं तर तो माझ्याशी आठवडाभर बोलणार नाही, तरी लिहिते. तुमचा आखलेला कागद मी स्वयंपाकघरात लावला नाही. तुमच्या त्या भावात मुंबईत सामान मिळायला लागलं की लावीन.

नारळ पन्नास-पंचावन्नला आहे. तूरडाळ दीडशेच्या पुढे. तुमचं अठराशेचं सामान चौतीसशेचं असतं. तुमची औषधं आठवड्याच्या डबीत भरून का येतात हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. पाकिटावर किंमत छापलेली असते, म्हणून. ती पाकिटं आमच्या कचऱ्यात जातात. आमच्या घरी प्रत्येक वस्तूला दोन किमती आहेत, एक दुकानातली आणि एक आत्याला सांगायची. नूपुरला दोन्ही पाठ आहेत. तुमच्या क्लाराबाईंनाही उन्मेषने शपथ घातली आहे.

आता इंजेक्शन. अशी कुठलीही योजना नाही. दादरच्या त्या खाजगी दवाखान्यात एका इंजेक्शनचे अठ्ठावीस हजार लागतात. आजवर अकरा झाली. तुम्ही दर वेळी साडेतीन हजार दिलेत, वरचे साडेचोवीस हजार कार्डावर गेले. अकरा वेळा. बेरीज तुमची चुकत नाही म्हणता, तर करा. व्याज त्यात धरलेलं नाही.

तुमच्या डोळ्यांवर झालेला खर्च मला जड झाला नाही. तुमची नजर राहावी म्हणून मी माझी ठेव मोडली आणि तोंडातून शब्द काढला नाही. पण ज्यांच्यासाठी केलं त्यांनीच मला माहेर काढून शिकवावं, हे मला सहन होत नाही. सोफा माझ्या मैत्रिणीचा, अँड्रियाचा. ती वसईला राहायला गेली तेव्हा फुकट देऊन गेली. फोन हप्त्यावर आहे, हे खरं, आणि ती चूक माझी. दारात पिशवी आली त्या दिवशी मी माझ्या नोकरीच्या दवाखान्यात साडेनऊपर्यंत रिसेप्शनला बसले होते, दिवाळीतही. आणि नूपुरने ऑगस्टमध्ये बारावीचा क्लास सोडला. आम्हाला म्हणाली की घरीच अभ्यास जास्त चांगला होतो. किंमत लपवायला ती आमच्याकडूनच शिकली.

संसार बाईच्या हातात असतो हे तुमचं वाक्य परत पाठवते आहे. माझ्याकडे ठेवायला जागा नाही.

कळावे. मान आहे, तो तसाच राहील असं तुम्हीही बघा.
ऋता


फणसवाडी
१५ नोव्हेंबर २०२५

चि. उन्मेष यास,

आशीर्वाद.

ऋतावर ओरडू नकोस. तुम्हा सगळ्यांत खरं बोललेलं तेवढंच एक माणूस आहे.

तिचं पत्र वाचून मी आधी क्लाराला बोलावलं. तीस वर्षं आम्ही शाळेत एका टेबलावर डबा खाल्ला. ती खुर्चीत बसली, पदराशी चाळा करावा तशी गळ्यातल्या क्रुसाशी खेळत राहिली, आणि मग रडली. म्हणाली की उन्मेषने हात जोडले, मी काय करणार. तिला मी चहा दिला नाही.

मग मी जिना उतरले. बावन्न पायऱ्या, भिंत धरून. कोपऱ्यावरच्या नारळवाल्याला मी सांगितलं की बावीसचे दोन दे, आणि चांगले वाजवून दे. तो म्हणाला, आजी, बावीसला करवंटी येईल. बाजूच्या दोन बायका हसल्या. मी त्याच्याशी भांडलेसुद्धा, की मला फसवतोस, माझा भाचा दर रविवारी घेतो. तेव्हा कुणीच हसलं नाही. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. ते हसले असते तर बरं झालं असतं.

तीन वर्षं तुम्ही मला खेळण्यातल्या बाजारात बसवलंत. मी चाळीतल्या सुनांना ऐकवत होते की इतक्या स्वस्ताईत तुम्हाला भागवता येत नाही, आमच्या वेळी बघायचं होतंत. त्या माना डोलवायच्या. आता कळलं का डोलवायच्या. आणि मला न विचारता माझ्या डोळ्यांवर तू पावणेतीन लाखांचं कर्ज केलंस. मी आयुष्यात दूधवाल्याचे दोन रुपये थकवले नाहीत. मला कर्जदार करायचा हक्क तुला कुणी दिला?

२४ तारखेला टॅक्सी आणू नकोस. इंजेक्शन मी घेणार नाही. चौऱ्याहत्तर वर्षं पाहिलं तेवढं पुरे. माझ्या शेवटच्या खर्चासाठी ठेवलेली एक लाख साठ हजारांची ठेव आहे, ती तुझ्या नावे करते. उरलेल्याचं नंतर बघू.

कळावे. लोभ कुणाला किती, याचाही खरा आकडा आता मला माहीत नाही.
कालिंदी


परळ
१८ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. आत्यास,

सा. न. वि. वि.

आजवर मी तुला उलट उत्तर दिलं नाही. आज देतो.

अर्धी किंमत सांगायची ही पद्धत कुणाची? मी नववीत असताना माझे बूट तू एकशे चाळीसला घेतलेस आणि जिन्यातच मला पढवलंस की अण्णाआजोबांना सत्तर सांगायचे. हापूसची पेटी, तुझी पैठणी, गॅसची शेगडी, प्रत्येक वस्तूची अण्णांना सांगायची किंमत वेगळी होती. हे शब्द तुझेच. अण्णा मरेपर्यंत समजत होते की त्यांच्या पेन्शनीवर घर चालतंय, आणि तू हसून म्हणायचीस की म्हाताऱ्या माणसाला सुखाने जेवू द्यावं. मी तुला सुखाने जेवू दिलं. ते जर पाप असेल तर आधी तुझं.

आता दुसरं. हक्क कुणी दिला विचारतेस, तर आठव. तीन वर्षांपूर्वी तुझ्या डोळ्याचं निदान झालं तेव्हा मी पहिल्यांदा सांगितलं होतं की परळच्या म्युनिसिपालटीच्या हॉस्पिटलात हीच व्याधी अगदी कमी पैशांत बघतात, आपण तिकडे जाऊ. तू फाइल माझ्या अंगावर फेकलीस. म्हणालीस, वसंतदादा तिथेच गेला, मी एकोणीस रात्री त्या व्हरांड्यात झोपले, आंधळी होईन पण त्या गेटातून आत जाणार नाही आणि फुकट्यांच्या रांगेत बसणार नाही. दोन दिवस जेवली नाहीस. डॉक्टर म्हणत होते की हातात थोडेच आठवडे आहेत. मी काय करायला हवं होतं? योजना काढली. मी तुझ्या डोळ्यांची नाही, तुझ्या ताठ्याची किंमत भरत होतो, एका वेळेला अठ्ठावीस हजार.

परवा तो वसुलीवाला आमच्या शिवडीच्या गोडाउनवर आला. हमालांसमोर माझी कॉलर धरली. साहेबांनी नंतर आत बोलावून सांगितलं की महिनाअखेरपर्यंत हे मिटव, नाहीतर दुसरीकडे बघ. हे मी ऋतालाही सांगितलेलं नाही. कार्डावर आता एक रुपया शिल्लक नाही. तुझ्या २४ तारखेचे अठ्ठावीस हजार मी ऑफिसातल्या स्टीव्हकडून उसने आणलेत. त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याचे होते ते.

तुझी ठेव मला नको. मी सोमवारी नऊला येणार. दार उघडलं नाहीस तर जिन्यात बसेन.

कळावे. एवढं बोललो तरी तुझाच आहे.
उन्मेष


फणसवाडी
२८ नोव्हेंबर २०२५

चि. उन्मेष यास,

अनेक आशीर्वाद.

ओळी वाकड्या येतील. काल डाव्या डोळ्यात इंजेक्शन झालं.

सोमवारी तू आलास तेव्हा खोलीला कुलूप होतं. काळजी नको, अशी चिठ्ठी कडीला अडकवली होती, तरी तू दीड तास जिन्यात बसलास असं शेजारच्या कमलने सांगितलं. मी पहाटे सहालाच निघाले होते. क्लारा सोबत होती. तिला मी चहा पाजला आणि मगच नेलं.

त्या गेटासमोर टॅक्सी थांबली आणि माझे पाय उतरेनात. टॅक्सीवाला कुरकुरायला लागला. क्लाराने त्याला आणखी वीस रुपये दिले आणि मला म्हणाली की बाई, तुमच्या भावाला इथे आणलंत तेव्हा तुम्ही रांगेला लाजला नव्हतात. ते खरं होतं, त्याचा मला राग आला, आणि रागात मी उतरले.

माझा नंबर एक्केचाळीसावा होता. बाजूला शीव कोळीवाड्याची एक बाई होती, मासे विकते, हाच आजार. दोन वर्षं येते आहे. तिने विचारलं की आधी कुठे दाखवत होतात. मी दवाखाना सांगितला, आकडाही सांगितला, पूर्ण. ती म्हणाली, मुलाचा कारखाना आहे का? मी म्हटलं भाचा आहे आणि कर्जात आहे. तिने तिच्या डब्यातली अर्धी भाकरी मला दिली. मी खाल्ली.

डॉक्टरीण नूपुरपेक्षा दहा वर्षांनी मोठी असेल. तिने जुनी फाइल वाचली, सोमवारी तपासण्या केल्या आणि गुरुवारी बोलावलं. इथलं इंजेक्शन वेगळं आहे, बहुतेकांना चालतं, तुमचं बघत बघत जाऊ, असं तिने स्पष्ट सांगितलं. सगळं मिळून चौदाशे साठ रुपये झाले. पावत्या माझ्याकडे आहेत. स्टीव्हचे पैसे आजच्या आज परत कर.

मधल्या मंगळवारी ठेव मोडली. तू नको म्हणालास, पण ठेव माझी आहे. ॲपचे साठ हजार आधी फेड आणि फेडल्याचा कागद साहेबांना नेऊन दाखव. बाकीचे एक लाख कार्डावर टाक. उरतील ते अडीच लाख. त्यांतले दरमहा आठ हजार माझ्या पेन्शनीतून येतील, कारण ते माझे आहेत. नूपुरला क्लासला घाल. ऋताला लिहिलेलं ते वाक्य मी मागे घेते, हे तिला माझ्या अक्षरात वाचायला दे.

फोन कपाटातून काढला. तो माणूस तासाभरात बोललाच. मी त्याचं नाव, आडनाव आणि हुद्दा विचारला. तीनदा विचारला. त्याने ठेवून दिला. पोलीस चौकीत अर्ज दिला आहे, तारखा आणि वेळा घालून, आणि पोच घेतली आहे. तुझी कॉलर धरली ते मी अर्जात आधी लिहिलं, मला बोलला ते नंतर.

आता राग. तो गेला असं समजू नकोस. त्या दवाखान्याचा येतो, बिल्डरचा येतो, त्या ॲपवाल्याचा येतो. तुझ्यावर मात्र वेगळाच आहे. रांगेत चार तास बसून मी त्याचा विचार केला. तू तेव्हा मला खरी किंमत सांगितली असतीस, तर काय झालं असतं? मी त्या गेटातून आत गेले असते का? नसते गेले. मी तुला कर्ज काढू दिलं असतं, आणि चाळभर सांगितलं असतं की माझा भाचा माझ्यासाठी किती करतो. तू मला बरोबर ओळखलं होतंस. म्हणूनच खोटं बोललास. मला राग आहे तो याचा.

पुढची तारीख ८ जानेवारी आहे. सोबत कुणीतरी लागतं, डोळ्यावर पट्टी असते. सहाला निघायचं आहे. तू ये.

कळावे. लोभ ठेव, मागायचा हक्क उरला असेल तर.
तुझी
कालिंदीआत्या